फाटकाबाहेरची येझदी

मार्सेलने पान्याच्या दांड्यावर लोखंडी नळी चढवली, एक पाय गॅरेजच्या भिंतीला टेकवला आणि सगळं अंग टाकून ओढलं. येझदीच्या पुढच्या चाकाच्या फोर्कच्या डोक्यावरचा नट इतका सहज फिरला, की मार्सेल मागच्या टायरांच्या ढिगावर जाऊन बसला.

"वर्षभर उघड्यावर होती ना ही गाडी?" उठता उठता त्याने विचारलं.

"हो. फाटकाबाहेर, उंडीच्या झाडाखाली," सुशीला म्हणाली. "वर माडाचे झाप टाकले होते."

"झापांनी गंज थांबतो होय, वहिनी? समुद्राची खारी हवा ती. माझ्या दाराच्या बिजागऱ्या एका पावसात खाल्ल्या तिने." मार्सेलने फडक्याने फोर्कचा एक पाय पुसला आणि उजेडात धरला. "आणि इथे बघा. ठिपका नाही."

सुशीलाने पाहिलं. लोखंड चकचकीत होतं, एवढंच तिला दिसलं. ती एका पालथ्या खोक्यावर बसली होती आणि सकाळपासून तिचं अर्धं लक्ष रस्त्याकडे होतं. नवरा केळी घेऊन बाजारात गेला होता. तो परतायच्या आत तिला आगाशीचा रस्ता धरून घरी पोचायचं होतं.

"बसेल ना ते शत्रुघ्नच्या गाडीला?" तिने विचारलं.

"आपोआप नाही बसणार. बसवावं लागेल." मार्सेल खाली बसून दोन्ही गाड्यांच्या फोर्कचे मधले दांडे एकमेकांशेजारी ठेवू लागला. "हा येझदीचा, हा राजदूतचा. येझदीचा जाड आहे, लांबही आहे. राजदूतच्या मानेत तो शिरत नाही. मग येझदीचे पाय घ्यायचे आणि दांडा राजदूतचाच ठेवायचा. खालची पट्टी लेथवर कातून घ्यायची. छर्रे नवे, वाट्या नव्या. तरी गाडीचं नाक वर येणार. वळवताना आधी जड जाणार."

सुशीलाला निम्मं कळलं. पण कलम बांधताना खुंट आणि फांदी एका जाडीची बघून घ्यावी लागतात, एवढं वाडीतल्या बाईला कुणी सांगावं लागत नाही. तिने मान डोलावली.

शत्रुघ्न दारात उभा होता. खाडीकडच्या भातशेतीवाल्यांचा हा मुलगा, सुशीलाच्या दिवाकरचा शाळेपासूनचा जोडीदार. दोघांना वेड एकच. भातं कापून झाली, की मोकळ्या वावरांतून बांधांवरून गाड्या उडवायच्या आणि माघात कळंबच्या वाळूत गावोगावची पोरं शर्यत लावायची, तिथे जाऊन गळ्यापर्यंत वाळू खाऊन यायचं. दिवाकरची येझदी, शत्रुघ्नची मामाकडून आलेली जुनी राजदूत. गेल्या पौषात विरार फाट्याजवळ एका ट्रकने येझदीला मागून धडक दिली. दिवाकर जागीच गेला. गाडीचा मागचा भाग चेपून त्याचा चेंडू झाला. पुढचं मात्र सगळं जसंच्या तसं राहिलं.

आणि आता शत्रुघ्नच्या राजदूतचा फोर्क बांधावरून उडी घेताना वाकला होता. दिवाकरचं वर्षश्राद्ध झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी तो आला, ओटीवर बसला, तांब्याभर पाणी प्यायला आणि बराच वेळ तांब्याच फिरवत राहिला.

"काकी," शेवटी तो म्हणाला, "भंगारात जान्यापेक्षा पुढचा भाग माझ्या गाडीला लावू का? तेवढा तरी कळंबला पोचंल."

सुशीलाने नवऱ्याला विचारलं नाही. श्राद्धाचं जेवण आटोपल्यावर नरहरी स्वतःच म्हणाला होता, "भंगारवाला आला की ते देऊन टाक." ते. नाव गाडीलाही नव्हतं आणि गाडीवाल्यालाही नव्हतं.

नाव घेणं नरहरीने फार आधी सोडलं होतं. दिवाकरने वाडीतलं काम टाकून कारखान्यात नोकरी धरली आणि ती गाडी आणली, त्या दिवशी नरहरी फाटकात आडवा उभा राहिला. "ही आत येणार नाही," म्हणाला. दिवाकरही त्याच्याच रक्ताचा. त्याने गाडी उंडीखाली लावली ती लावलीच. पाऊस असो, ऊन असो, एकदाही आत आणायला मागितलं नाही. त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद. एका पंगतीला जेवायचे आणि बोलायचे सुशीलाकडे बघून. "त्याला सांग, कालवणाला मीठ कमी आहे." "त्यांना सांग, मी उशिरा येईन." घरात एक बाई आहे की पोस्टाची पेटी, असं तिला वाटायचं. तरी तिला वाटायचं, निवळेल. बापलेकाचा अबोला किती दिवस टिकणार? आणि मग तो ट्रक आला.

नरहरीने मुलाला अग्नी दिला, आंघोळ केली आणि तिसऱ्या दिवशी केळींना पाणी सोडायला गेला. टेंपोतून गाडीचा सांगाडा आला, तेव्हाही त्याने तो फाटकाच्या आत घेऊ दिला नाही. बोटाने उंडी दाखवली. सुशीलाने त्याला रडताना पाहिलं नाही, रात्री कुशीवर वळताना उसासा टाकलेला ऐकला नाही. वर्षभर ती एकच गोष्ट मनात घेऊन वावरत होती. मेलेल्या पोराशीही हा माणूस अबोला धरून बसलाय का? असेल, तर आपण याला उरलेल्या आयुष्यात रोज ताट वाढायचं आहे. विचारायची हिंमत तिला झाली नाही. उत्तर काय येईल याची तिला भीती होती.

"वहिनी, हा नट कुणी उघडला होता?" मार्सेलने विचारलं.

"दिवाकरच उघडायचा. दुसरं कोण उघडणार?"

"दिवाकरचा पाना असा नाही लागायचा. मीच शिकवलेलं पोर ते." त्याने नट तिच्या हातात दिला. "कोपरे बघा. दात उमटलेत. पाइपाचा मोठा पाना लावलाय कुणीतरी. विहिरीच्या पंपाला लावतात तो."

तसा पाना घरी इंजिनाच्या खोपीत खिळ्याला टांगलेला होता. सुशीलाने नट हातात फिरवला आणि परत दिला. असेल, पोराने कधी घाईत वापरला असेल.

लेथवाला पट्टी कातून देईपर्यंत थांबणं भाग होतं. गिरणीचा संप लांबला म्हणून लालबागहून गावी आलेला तो माणूस एकेक कात जपून घेत होता. सुशीलाला चुलीची काळजी लागली. पेज अजून चढवायची होती. धोंडूबाई असती तर ही काळजी नव्हती. पण धोंडूबाईला तिने स्वतःच बोलून घालवलं होतं.

बोलणं झालं ते तेलावरून. घाण्यावरून काढून आणलेलं खोबरेल बरणीत असायचं आणि गेल्या फाल्गुनापासून ते भराभर उतरायला लागलं. दर महिन्याला, अमावास्येच्या सुमारास. वाडीत अमावास्येला कुणी बैल जुंपत नाही की माती उकरत नाही. त्या दिवशी रहाटाला तेल द्यायचं. रहाट जाऊन इंजिन आलं तरी ती रीत राहिली. नरहरी वाटीभर तेल घेऊन खोपीकडे जायचा. पण वाटीभर तेलाने बरणी इतकी रिकामी कशी होईल? फुलपाड्याहून मोगरा खुडायला येणारी धोंडूबाई घरात एकटीच बाहेरची. श्रावणात सुशीलाने तिला सरळ विचारलं. धोंडूबाईने कमरेचा पदर सोडला, फुलांची करंडी खाली ठेवली आणि निघून गेली. नंतरही तेल उतरतच राहिलं. सुशीलाने बरणी झिरपत असेल म्हणून बरणी बदलली. आपलं चुकलं असं म्हणण्यापेक्षा बरणी बदलणं सोपं होतं.

"आता आतलं तेल काढून घेऊ," मार्सेल म्हणाला. त्याने पत्र्याचं घमेलं सरकवलं आणि फोर्कचा पाय त्यावर पालथा धरला.

काहीच आलं नाही. त्याने हाताच्या तळव्याने दोन-चार थापा मारल्या. मग आतून एक पांढरा घट्ट गोळा सरकत आला आणि घमेल्यात पडला.

"साबन?" शत्रुघ्न पुढे वाकला.

मार्सेलने बोट लावलं, हुंगलं. बोट तसंच धरून तो सुशीलाकडे बघत राहिला.

तिला जवळ जायची गरज नव्हती. वास तिच्यापर्यंत आला होता. तिच्या फडताळाचा वास तो. दिवाकर लहान असताना न्हायच्या दिवशी पाटावर बसून डोकं पुढे करायचा, त्या डोक्याचा वास.

"खोबरेल आहे," मार्सेल म्हणाला. "घाण्यावरचं. थंडीने थिजलंय."

"फोर्कात खोबरेल कोन घालतो?" शत्रुघ्न हसायला गेला आणि सुशीलाचा चेहरा बघून थांबला. "काकी, दिवाकरनी नाय घातलं. तो असलं करनार नाय."

"दिवाकरचं नाहीच," मार्सेल हळू म्हणाला. त्याने पायाच्या खालच्या अंगावरून बोट फिरवलं. "सील फाटलंय. इथून गळत राहिलं असणार आणि वरून कुणीतरी भरत राहिलं असणार. एकदा नाही. महिन्याच्या महिन्याला. वरून हातही फिरवलाय तेलाचा, म्हणून गंज नाही."

सुशीलाने घमेल्यातल्या त्या पांढऱ्या गोळ्याकडे पाहिलं. अमावास्या. वाटी. खोपीतला पाना. सगळं आठ-दहा महिने तिच्या डोळ्यांसमोर होतं आणि ती बरण्या बदलत बसली होती.

पण तिच्या काळजाला लागलं ते वेगळंच. तो नट उघडून वरून तेल घालतात, हे नरहरीला कुणी सांगितलं? सांगायला दोघं बोलत कुठे होते? त्याने पाहिलं असणार. दिवाकर सुट्टीच्या दिवशी उंडीखाली गाडी खोलून बसायचा, तेव्हा हा वईच्या कुंपणाआत केळीच्या पानाआड उभा राहून बघत असणार. कुठला नट, कुठलं तेल, किती तेल. सगळं नीट बघितलं आणि एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर खोबरेल घालायचं नसतं हे तरी कळलं असतं.

सुशीलाला रडू आलं. तिने ते लपवलं नाही. मार्सेल उठून लेथवाल्याकडे गेला आणि पट्टी जास्त कातू नकोस म्हणून उगीचच त्याच्यावर खेकसला.

शत्रुघ्न तिच्यासमोर उकिडवा बसला.

"काकी, नको असंल तर सांगा. काका घरी यायच्या आत परत जिथल्या तिथं लावून येतो. त्यान्ला कळनार पन नाय."

सुशीलाने डोळे पुसले. सकाळी फोर्क काढून नेल्यावर तिने स्वतःच्या हाताने झाप पुन्हा नीट लावले होते, बाहेरून काही कळू नये म्हणून. परत ठेवलं तर खरंच कुणाला कळणार नव्हतं. उद्या अमावास्या. नरहरी वाटी घेऊन जाईल, नट उघडेल, तेल ओतेल. ते गळून जाईल. पुढच्या महिन्याला पुन्हा. ती बरणीकडे बघेल आणि काही बोलणार नाही. तोही बोलणार नाही. तसं करत दोघं म्हातारी होतील. एका अबोल्यात मुलगा गेला होता. दुसरा अबोला तिला नको होता.

"लाव," ती म्हणाली. "आणि उद्या सकाळी गाडी घरी घेऊन ये."

"घरी? काका घरी असतील तवा?"

"असतील तेव्हाच ये."

मग ती मार्सेलकडे वळली. "त्यात काय घालायचं असतं ते घाल. खोबरेल नको."

"नकोच. थिजलं तर फोर्क दबायचा नाही. वाळूत पोरगं तोंडावर आपटलं असतं." मार्सेलने घमेलं उचललं आणि घुटमळला. "हे फेकू ना, वहिनी?"

"फेक."

घरी जायला तिच्याकडे अजून वेळ होता, पण ती आगाशीच्या रस्त्याला लागली नाही. तिने विरारची एसटी धरली आणि रेल्वेचं फाटक ओलांडून पूर्वेला फुलपाड्यात गेली. धोंडूबाई चाळीच्या कठड्यावर सुकट वाळत घालत होती. तिने सुशीलाला पाहिलं आणि हात थांबवला नाही.

"तेल तू नव्हतं नेलंस," सुशीला खालूनच म्हणाली.

"ते मला ठाऊक व्हतं."

"मला नव्हतं. माझं चुकलं."

"मंग कोनी नेलं?"

"घरातल्याच माणसाने." सुशीलाला पुढे सांगता येईना. "दिवाकरच्या गाडीला घातलं."

धोंडूबाईचा हात आता थांबला. दिवाकरच्या कमरेला करगोटा बांधायच्या दिवसांपासून ती त्या घरात येत होती. सुकटीचे हात तिने पदराला पुसले.

"वर ये," ती म्हणाली. "उन्हात उभी राहू नको. चा टाकते."

अमावास्येच्या सकाळी चांगलीच थंडी होती. नरहरीने बरणीतून वाटीभर तेल खरवडून काढलं आणि वाटी चुलीच्या वायलावर ठेवली. तेल पातळ होईपर्यंत तो चुलीसमोर बसून राहिला. दर महिन्याला तो असाच बसत असणार. सुशीलाने ते कधी नीट पाहिलं नव्हतं. आज ती भाकरी थापत पाहत होती. त्याने फडक्याने वाटी धरली, खोपीतून पाना घेतला आणि इंजिनाकडे वळूनही न बघता तो सरळ फाटकाकडे गेला.

ती हात न धुताच मागून निघाली आणि माडाच्या बुंध्याशी थांबली.

नरहरीने वाटी जमिनीवर ठेवली आणि एकेक झाप बाजूला केला. खाली गाडीचं धड तेवढं झाडाला टेकून उभं होतं. पुढे काही नव्हतं. पाना हातात धरून तो त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला. मग हळूहळू खाली बसला आणि जिथे चाक टेकायचं तिथली तेलाने काळी पडलेली माती त्याने हाताने चाचपली. सुशीलाला वाटलं, आपण फार मोठी चूक केली. ती पुढे जाणार, तेवढ्यात रस्त्यावरून गाडीचा आवाज आला.

शत्रुघ्न आला तो उंडीपाशी थांबला. दिवाकर थांबायचा तिथेच. राजदूतला येझदीचे पाय लागले होते आणि गाडीचं नाक मार्सेल म्हणाला होता तसं जरा वर आलं होतं. त्याने इंजिन बंद केलं. तो खाली उतरला.

नरहरी उठला. गाडीला एक फेरी घालून पुढे येऊन उभा राहिला. फोर्कवरून त्याने हात फिरवला, वरपासून खालपर्यंत. मग दोन्ही हातांनी हँडल धरून खाली दाबलं. गाडी शांतपणे दबली आणि वर आली. त्याने पुन्हा दाबलं.

"वर्षभर असं दबलं नाही हे," तो म्हणाला.

"आतलं तेल थिजलं व्हतं, काका. मार्सेलनी काढलं."

"थिजतं," नरहरी म्हणाला. "थंडीत थिजतं ते. मला वाटलं, गंज चढेल." हँडल त्याने अजून सोडलं नव्हतं. "दिवाकर कुठलं घालायचा?"

सुशीलाने माडाला हात टेकला. ते नाव त्या तोंडून तिने किती दिवसांनी ऐकलं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"मार्सेलकडे मिळतं ते. डबा हाय त्याच्याकडे," शत्रुघ्न म्हणाला. "मी दाखवीन तुम्हांला."

नरहरीने मान हलवली. सुशीला पुढे झाली, जमिनीवरची वाटी तिने उचलली. तेलाच्या कडा पांढऱ्या व्हायला लागल्या होत्या. नरहरीने तिच्याकडे पाहिलं, तिच्या हाताला लागलेल्या पिठाकडे पाहिलं आणि हे तिनेच घडवून आणलं, हे त्याला कळलं असावं. तो रागावला नाही. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं.

"कळंबला कधी आहे?" त्याने शत्रुघ्नला विचारलं.

"पुढच्या रविवारी."

"तोवर ही बाहेर उघड्यावर ठेवशील?"

"नाय, घरी नेतो ना काका. चाललोच."

"भाकऱ्या झाल्यात," नरहरी म्हणाला. "जेवून जा."

शत्रुघ्नने गाडी उंडीच्या बुंध्याशी टेकवायला घेतली.

"तिथे नको," नरहरी म्हणाला. "आत घे."

त्याने फाटकाचा आडवा बांबू काढला आणि कडेला उभा राहिला. शत्रुघ्न गाडी हाताने ढकलत आला. पुढचं चाक आत आलं, मग मागचं आलं. नरहरी बांबू हातात धरून गाडी केळीपर्यंत जाईतो बघत राहिला आणि मगच त्याने फाटक लावलं.